बंद की बंत?

आपल्या सीमाभागात दोन भाषा एकाच ताटात जेवतात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कारखान्यात दोन्हींची मिसळ. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी बरीच वर्षे मेंटेनन्सचे काम केले. तिथे दोन शब्दांनी माझे लक्ष वेधले. मराठी माणूस ‘करंट बंद’ म्हणाला, म्हणजे वीज गेली. कन्नड माणूस ‘करंट बंत’ म्हणाला, म्हणजे वीज आली! यंत्रांच्या खडखडाटात या दोन शब्दांतला फरक कानाला कसा कळावा?

एकदा वीज गेल्याने वाळूचे मिक्सर थांबले. तेवढ्यात एक नवा पोरगा पात्यांना चिकटलेली वाळू खरवडायला आत उतरला. थोड्या वेळाने पलीकडच्या शेडमधून आरोळी आली, ‘करंट बंत!’ पोराने ऐकले ‘बंद’, आणि तो निवांत खरवडत राहिला. ऑपरेटर कन्नड. तो उठून बटणाकडे निघाला. मिक्सरच्या कडेला काढून ठेवलेल्या पोराच्या चपला दिसल्या, म्हणून तो थबकला. त्या दिवशी एक जीव चपलांमुळे वाचला. पण रोज चपलांवर भरवसा कसा ठेवायचा?

याला साधा उपाय आहे, कुलूप. मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्यालाच कुलूप घालायचे. ज्याला यंत्रात हात घालायचा आहे, कुलूप त्याचे स्वतःचे आणि चावी त्याच्याच खिशात. तिघे काम करत असतील तर कुलपे तीन. शेवटचे निघेपर्यंत यंत्र सुरू करायचे नाही. शेजारी नाव आणि वेळ लिहिलेली पाटी, मराठी आणि कन्नड दोन्हींत. मग सुरू करण्याचे बटण मुद्दाम दाबून पाहायचे. यंत्र हलले नाही, तर बटण पुन्हा बंदवर आणून पुढचे काम.

पण वीज तोडली म्हणजे सगळे संपले असे नाही. हायड्रॉलिक प्रेसमधल्या तेलात दाब असतो, कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा कोंडलेली असते, ताणलेली स्प्रिंग सुटायची वाट पाहत असते. हा दाब आधी सोडायला हवा. वर अडकलेल्या जड भागाला भक्कम टेकू द्यायला हवा.

ही काही परदेशी चैन नव्हे. अमेरिकेत यासाठी स्वतंत्र नियम १९८९ साली झाला. आपल्याकडे कारखाना कायद्यात १९७६ सालीच दुरुस्ती झाली होती. वीज तोडणारा स्विच चुकून चालू होण्यासारखा असेल, तर तो बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. कायदा पुस्तकात होता, कुलूप मात्र अनेक शेडमध्ये पोहोचले नाही.

आणि हे फक्त कारखान्यापुरते नाही. निपाणीकडच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच बसवलेला असतो. वीज पाळीने येते आणि मोटार आपोआप सुरू होते. वीज नाही म्हणून कोणी मोटार उघडून बसला असेल, तर त्या स्विचला ते कसे कळणार? गोठ्यातल्या कडबा कुट्टीचेही तेच. अडकलेली वैरण काढण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावावे. प्लगवर चालणारी असेल, तर प्लग काढून स्वतःच्या नजरेसमोर ठेवावा.

आपल्याकडच्या कन्नडमध्ये कुलपाला ‘कीली’ म्हणतात, मराठीत किल्ली म्हणजे चावी. इथेही शब्दांची गंमत आहेच! पण दांड्याला लटकणारे कुलूप पाहून कोणाचा गोंधळ होत नाही. ते दोन्ही भाषांत एकच सांगते, ‘थांब, आत माणूस आहे.’

घरातले कोणी कामावर निघाले की आपण डबा घेतला का, पाणी घेतले का, असे विचारतो. जो यंत्रे दुरुस्त करतो, त्याला आणखी एक विचारावे. मराठी घरात ‘तुझं स्वतःचं कुलूप आहे ना?’ आणि कन्नड घरात ‘कीली ऐतेनु?’