हवा गेली की ब्रेक लागतो

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मार्केट यार्डाकडे मालट्रकांची रांग लागते. रात्रभर उभी असलेली भरलेली गाडी सकाळी सुरू होते, पण जागची हलत नाही. हँडब्रेक सोडलेला, गिअर पडलेला, इंजिन जोर लावतंय, मागचा भाग किंचित दबतो आणि चाक काही फिरत नाही. पाठीमागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले की प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘ब्रेक जाम झाला.’ मग हातोडा निघतो, पाना निघतो आणि ब्रेक कसाही सोडवायचा एवढंच काम उरतं. माझं मत असं, की यातल्या पुष्कळ वेळा ब्रेक बिघडलेला नसतोच. जे करण्यासाठी तो बनवला, तेच तो करत असतो. मिस्त्रीनं आधी शोधायचं ते त्यानं धरून बसण्याचं कारण. ते न शोधता ब्रेक सोडवला, तर गाडी निघते आणि दोष गाडीबरोबरच निघतो.

हे पटायला चाकाशी ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या आत काय आहे ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. जीपचा हँडब्रेक केबलनं ओढला जातो. केबल तुटली की ब्रेक गेला. हवेच्या ब्रेकच्या अवजड गाडीत बरोबर उलटं आहे. मागच्या चाकांच्या चेंबरचे दोन भाग असतात. पुढच्या भागात पायाच्या ब्रेकची हवा येते. मागच्या भागात एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिचा जोर क्विंटलांतच मोजावा लागतो. ती स्प्रिंग कायम ब्रेक लावायलाच बघते. तिला मागे रेटून धरते ती हवा, आणि त्यासाठी साधारण पाच बारच्या वर दाब लागतो. म्हणजे ड्रायव्हर हँडब्रेक ‘लावतो’ तेव्हा तो हवा सोडून देतो, आणि ‘सोडतो’ तेव्हा हवा भरतो. बोलण्यातला शब्द आणि आतलं काम यांत असा उलटा संबंध आहे, आणि निदानातल्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. हवा गेली की ब्रेक लागावा, या विचाराचं मूळ रेल्वेत सापडतं. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या 1869 च्या पहिल्या ब्रेकमध्ये इंजिनाकडून हवा आली तरच ब्रेक लागत असे. पाइप तुटला की मागच्या डब्यांना आधार उरत नसे. 1872 साली त्यांनी रचना फिरवली : पाइपमधला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागणार. रेल्वेचा हवेचा ब्रेक आजही याच तत्त्वावर चालतो. रेल्वेत ब्रेक लावायची ताकद डब्याखालच्या टाकीतल्या हवेची, ट्रकच्या हँडब्रेकला ती स्प्रिंगची, एवढाच फरक.

म्हणून हात लावायची पहिली जागा चाक नव्हे, डॅशबोर्डवरचा हवेचा काटा. रात्रीतून टाकी उतरली असेल तर इंजिन चालू ठेवून काटा चढायची वाट पाहणं हाच निम्म्या वेळा इलाज असतो. काटा चढतच नसेल तर दोष कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंत कुठेतरी आहे. चाकाशी झटापट करून उपयोग नाही. काटा पुरेसा चढला आणि तरी मागची सगळी चाकं धरलेली असतील, तर हँडब्रेकच्या व्हॉल्व्हपासून चेंबरकडे जाणाऱ्या वाटेवर संशय घ्यावा. एकच चाक धरलं असेल तर त्याच चाकाशी बसावं, पण चारही बाजूंना दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. ब्रेक सुटला त्या क्षणी गाडीला धरणारं दुसरं काही नसतं.

गाडीखाली गेल्यावर बघायची ती चेंबरमधून बाहेर आलेली दांडी, जी ड्रममधला कॅम फिरवणाऱ्या स्लॅक नावाच्या आर्मला ढकलते. एकानं केबिनमध्ये हँडब्रेक लावावा, सोडावा आणि दुसऱ्यानं टॉर्च धरून त्या दांडीकडे बघावं. दांडी आत गेली आणि तरी ड्रम फिरत नसेल, तर हवा आणि स्प्रिंग दोन्ही निर्दोष. अडचण ड्रमच्या आत आहे. ओल्या लायनरनं गंजून ड्रमला धरलं असेल, कॅम आपल्या बुशमध्ये अडकला असेल किंवा शू मागे ओढणारी स्प्रिंग तुटली असेल. दांडी बाहेरच राहिली, तर हवा तिथवर पोचत नाही, नाहीतर चेंबर आतून गेलं. सारं निदान या दांडीच्या बोटभर हालचालीवर उभं आहे. आवाज मात्र फसवतो. चेंबरच्या दोन भागांमधलं सील गेलं तर स्प्रिंगकडची हवा पायाच्या ब्रेकच्या बाजूला शिरते आणि दूर, चेंबरला हवा पोचवणाऱ्या रिले व्हॉल्व्हच्या तोंडातून सूंऽ करत बाहेर पडते. नवा रिले व्हॉल्व्ह बसतो, पैसे जातात, आवाज तसाच. हँडब्रेक लावल्यावर तो आवाज थांबतो का, एवढं ऐकलं असतं तर दोष कुठे आहे ते कळलं असतं.

यावर कुणी म्हणेल, हातोड्याचे दोन ठोके ड्रमवर मारले की गाडी सुटते, हे रोज दिसतं. खरं आहे. पावसात भिजून उभी राहिलेली गाडी तशीच सुटते. घाट उतरून तापलेल्या ड्रमवर लगेच हँडब्रेक लावला तर निवताना आकसणारा ड्रम लायनरला आणखी घट्ट धरतो, तिथेही ठोके कामी येतात. पण दांडी आत गेलेली पाहिल्यावरच. ती बाहेर असताना ठोकत राहणं म्हणजे स्प्रिंग दाबत असलेल्या शूवर घाव घालणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रस्त्याच्या मधोमध गाडी अडली, माल खराब होतोय, मालकाचे फोन येताहेत. मग चेंबरच्या मागचा बोल्ट आवळून स्प्रिंग बांधून टाकली तर काय बिघडलं? तो बोल्ट कंपनीनंच दिलेला असतो. बरोबर, पण तो दिला आहे अडलेली गाडी कडेला घेण्यासाठी, नाहीतर गॅरेजपर्यंत नेण्यासाठी. स्प्रिंग बांधल्यावर पायाचा ब्रेक नेहमीसारखा लागतो, आणि तोच ड्रायव्हरला फसवतो. सगळं ठीक वाटतं, बोल्ट आठवडाभर तसाच राहतो. मग मांजरसुंब्याचा घाट उतरताना एखादा पाइप फुटला आणि हवा गेली, तर त्या चाकावर आपोआप लागायला काही शिल्लक नसतं. वेळेचा मुद्दा मी हलका मानत नाही. ट्रकवाल्याचं पोट वेळेवर चालतं. पण काटा बघणं, दांडी बघणं, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधणं, याला पाव तास पुरतो आणि एकही पार्ट लागत नाही.

ड्रायव्हर मंडळींना माझी विनंती छोटी आहे. टाकीच्या तळाचा ड्रेन रोज ओढा; तिथून निघणारं तेलकट पाणीच पुढे व्हॉल्व्हमध्ये गंज आणतं आणि रबर खातं. आणि मिस्त्रींना एक विनंती. स्प्रिंगच्या बाजूचं झाकण कधीही खोलू नका, वरची पट्टी सैल वाटली तरीही. सुटलेली स्प्रिंग माणूस मारते. तो भाग दुरुस्त करायचा नसतो. स्प्रिंग बोल्टनं बांधायची, चेंबर अख्खं उतरवायचं आणि नवं बसवायचं.