मिठाचा गुण

कोलकाता शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेक नावाची वसाहत आहे. पूर्वी या ठिकाणी खाऱ्या पाण्याची दलदल होती. हुगळी नदीतील गाळाने ती भरून काढण्याचे काम १९६२ साली सुरू झाले आणि पुढे तेथे आखीव रस्त्यांचे एक नगर वसले. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ त्याला बिधाननगर हे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी सॉल्ट लेक हेच नाव राहिले. पाणी गेले, मीठ मात्र नावात उरले.

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली होती. अन्नात विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही. पण ते नसेल तर पहिल्याच घासाला कळते. श्रद्धेचेही तसेच आहे. नाताळात कोलकात्याचा पार्क स्ट्रीट दिव्यांनी उजळून निघतो, रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेचे सूर उमटतात. हे सर्वांना दिसते, ऐकू येते. श्रद्धेची खरी परीक्षा मात्र सोमवारी सकाळी, घराच्या उंबरठ्यावरच सुरू होते.

सॉल्ट लेकमधील कितीतरी घरांत सकाळी धुण्याभांड्यांसाठी बाई येते. ख्रिस्ती कुटुंबही याला अपवाद नसते. आदल्या दिवशी शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा उपदेश ऐकून आलेल्या माणसापुढे तेव्हा साधे प्रश्न उभे राहतात. तिला चहा द्यायचा तो घरातल्याच कपात की निराळ्या? तापामुळे ती दोन दिवस आली नाही, तर पैसे कापायचे की तिची विचारपूस करायची? या प्रश्नांची उत्तरे कोणीही पाहत नसताना द्यावयाची असतात.

याच शहरात मदर तेरेसा यांनी अशी उत्तरे आपल्या कृतीने दिली. १९२९ साली त्या भारतात आल्या आणि कोलकात्यातील एंटाली भागातील शाळेत अनेक वर्षे शिकवत राहिल्या. १९४८ साली मठाचे सुरक्षित जीवन सोडून त्यांनी परिचर्येचे प्राथमिक शिक्षण घेतले आणि मोतीझील वस्तीतील मुलांना शिकवण्यास आरंभ केला. फळा नव्हता, म्हणून जमिनीवर काठीने अक्षरे गिरवली गेली. १९५२ साली कालीघाटला, कालीमंदिराशेजारी, 'निर्मल हृदय' सुरू झाले. रस्त्यावर मरणपंथाला लागलेल्या माणसांना तेथे आणले जाई. त्यांच्या जखमा धुतल्या जात आणि अखेरच्या क्षणी ज्याच्या त्याच्या धर्माचा मान राखला जाई. या कामावर, विशेषतः तेथील उपचारांच्या पद्धतीवर, टीकाही झाली. परंतु ज्यांना कोणी हात लावत नव्हते, त्यांना तेथे माणसाचा स्पर्श मिळाला, हे विसरता येत नाही.

त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. ही पत्रे नष्ट व्हावीत, अशी त्यांची इच्छा होती. जिच्या चेहऱ्यावर जगाने सदैव स्मित पाहिले, त्या स्त्रीला जवळजवळ पन्नास वर्षे ईश्वराच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता. प्रार्थना केली तरी आत केवळ अंधार आणि शांतता होती. तरीही पहाटेची प्रार्थना चुकली नाही आणि आजाऱ्यांच्या अंथरुणाजवळ जाणे थांबले नाही.

ही पत्रे वाचताना श्रद्धेचा एक वेगळाच अर्थ उमगतो. श्रद्धा म्हणजे मनातील केवळ एक भावना असती, तर ती ओसरताच कामही थांबले असते. येथे भावना आटली. पण हात थांबले नाहीत. मनाला साथ नसतानाही दिलेला शब्द पाळत राहणे, हीदेखील श्रद्धाच होय. सामान्य माणसाला हा मोठा दिलासा आहे. त्याचेही मन प्रार्थनेत रमत नाही, त्यालाही शंका छळतात. पण म्हणून समोरच्या माणसाशी नीट वागण्याचे त्याचे कर्तव्य संपत नाही.

निर्मल हृदयसारखे काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही. परंतु सॉल्ट लेकच्या एखाद्या घरात सकाळी दाराची कडी वाजते, आजारातून उठलेली बाई आत येते आणि घरातल्याच कपात तिच्यासाठी चहा ओतला जातो. त्या घरात त्या दिवशी धर्माविषयी एक शब्दही उच्चारला जात नाही. तशी गरजही नसते.