भिवंडीची गोदामे आणि तेलताड

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की कशेळी, काल्हेर, पूर्णा ही गावे लागतात. जेथे पूर्वी भातखाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मधल्या बांधावर एखादा ताड अजून दिसतो; तो ताडगोळे देणारा. गोदामांतील कित्येक बिस्किटांत, फरसाणात आणि साबणांत ज्याचे तेल असते, तो तेलताड मात्र निराळा.

हा वृक्ष मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ मध्ये जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात त्याची चार रोपे लावली गेली आणि पुढे आग्नेय आशियात त्याचे विस्तीर्ण मळे झाले. त्याला बारमाही ओल लागते. भिवंडीचा पाऊस चार महिन्यांचा. तोडलेले घड साधारण दिवसभरात गिरणीत पोचवावे लागतात, म्हणून गिरणी मळ्यालगतच असते. भारतातील लागवडीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. तरीही बहुतांश पामतेल इंडोनेशिया व मलेशियातूनच येते.

हेक्टरी उतारा इतर तेलबियांच्या कितीतरी पट, म्हणून हे तेल स्वस्त. परंतु सुमात्रा व बोर्निओतील अनेक मळ्यांसाठी जंगले तोडली गेली आणि ओरांगउटानसारख्या जीवांचा आसरा गेला. वेष्टनावरील हिरवा ठिपका माल शाकाहारी असल्याची ग्वाही देतो. त्यासाठी कोणते रान तुटले, हे तो सांगत नाही. ते पुरवठादाराला विचारणे व्यापाऱ्याच्याच हाती आहे.