बारसे आणि शुद्धलेखन

मूल जन्मास आले, की बाराव्या दिवसापर्यंत घरातील प्रत्येक माणसाच्या अंगी कवित्व संचारते. आजोबा शब्दकोश काढून बसतात, आत्याबाई याद्या करतात, आणि आईबापांस तर असे नाव हवे असते, की जे आळीत, शाळेत व शक्य तर साऱ्या महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचे नसावे. नावाचा अर्थ पाहतात, आद्याक्षर पाहतात, आडनावाशी ते शोभते की नाही हेही पाहतात. हे नाव एकदा ऐकून परक्या माणसास बिनचूक लिहिता येईल काय, हा प्रश्न मात्र त्या गडबडीत सहसा कोणी काढीत नाही. आणि ज्यास ते जन्मभर वागवावयाचे, तो तर पाळण्यात निजलेला असतो.

आमच्या पूर्वजांनी या कामी पुष्कळच धोरण दाखविले होते. स्त्रियांची नावे उच्चारास सुखकर व उघड अर्थाची असावीत, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पारस्कराच्या गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे ठेवण्यास सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'धर्मसिंधु'त तर देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम असे नावाचे चार प्रकार दिलेले आहेत. या विभागणीतील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढू गेल्यास आर्द्रेच्या तिसऱ्या चरणास 'ङ' येतो व उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यास 'ञ'. या अक्षरांनी आरंभ होणारे नाव कोठून आणावे? परंतु ही अडचण पत्रिकेतल्या पत्रिकेत राहत असे. दारात हाक मारावयाची ती केशवास, रामास, गोदेस किंवा यमुनेस. कठीण नाव देवासाठी व सोपे नाव माणसांसाठी, अशी ती सोय होती.

आज ही सोय उरलेली नाही. पूर्वी नाव मुख्यतः लोकांच्या तोंडी नांदत असे. आता ते कागदावर नांदते. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, आधारपत्र, पारपत्र, बँकेचे खाते, या सर्वांत ते अक्षरशः एकच असावे लागते, आणि हल्ली ही तुलना यंत्र करीत असल्यामुळे 'समजून घ्या' असे म्हणण्यास समोर माणूसही नसतो. आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंस पतीच्या पश्चात निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. त्यांच्या नावातील पहिला स्वर एका कागदावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ व तिसऱ्यावर रोमन लिपीत भलताच झालेला. आठ महिने खेटे घातल्यावर त्यांनी 'या तिन्ही नावांची स्त्री मीच' असे प्रतिज्ञापत्र करून दिले. आपण आपणच आहो हे शपथेवर सांगताना त्या माउलीचा जो चेहरा झाला, तो पाहिल्यापासून नावातील ऱ्हस्वदीर्घ ही केवळ पंडितांची हौस आहे, असे आम्हांस वाटेनासे झाले आहे.

आपली लिपी उच्चारानुसारी आहे याचा आपणांस अभिमान आहे, व तो रास्तही आहे. तथापि आपल्या बोलण्यात शब्दामधील ऱ्हस्वदीर्घाचा भेद पुष्कळदा पुसट असतो, 'ऋ' व 'रु' सारखेच ऐकू येतात, आणि 'श'-'ष' यांतील अंतर तर बहुधा पुस्तकातच राहिले आहे. म्हणून दीपकाचा 'दिपक' होतो, मीनाक्षीची 'मिनाक्षी' होते, ऊर्मिलेची 'उर्मिला' होते. उज्ज्वलेच्या दोन जकारांपैकी एक बहुतेक ठिकाणी गिळला जातो. उद्धव व सिद्धार्थ यांच्या नावात 'द' आधी व 'ध' नंतर हवा. परंतु ती जोडी उलटी झालेली पाट्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर नित्य दिसते. सर्वांत करुण अवस्था हृषीकेशाची. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. त्याचा आरंभीचा 'ह' सांडून लोक त्यास 'ऋषिकेश' करतात, आणि इंद्रियांचा स्वामी क्षणार्धात ऋषीचा केस होऊन बसतो! त्यातच १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने स्वीकारले, व हरि, विष्णु ही नावेही दीर्घान्त लिहावयाची ठरली. त्यामुळे आजोबा 'हरि' आणि त्यांचेच नाव घेतलेला नातू 'हरी', असा प्रकार एकाच घरात घडू शकतो.

हे झाले घरच्या लिपीचे. रोमन लिपीत उतरताना याहून मोठी परीक्षा असते. तेथे 'अ' व 'आ' या दोघांसही एकच 'ए' पुरते. सबब 'राम' आणि 'रमा' ही दोन्ही नावे त्याच चार अक्षरांत लिहिलेली आढळतात. 'ऋ'चा उच्चार आपण 'रु' करतो व हिंदी भाषक 'रि' करतात; म्हणून पुण्याची अमृता दिल्लीस गेली की तिच्या नावातला 'यू' जाऊन तेथे 'आय' येतो. ज्ञानेश्वराचे नाव मराठी माणूस 'डी-एन्-वाय'ने सुरू करतो, हिंदी भाषक 'जी-वाय'ने, आणि संस्कृतज्ञ 'जे-एन्'ने. आपली लता बंगळुरास गेल्यास तिच्या 'टी'पुढे एखादा लेखनिक सद्भावनेने 'एच' घालतो, कारण त्या बाजूस 'त' तसाच लिहिण्याची रीत आहे.

मग ज्ञानेश्वर व हृषीकेश ही नावे टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. ही नावे कठीण असली तरी त्यांच्यामागे अर्थ आहे, परंपरा आहे, आणि ती चुकली असता दुरुस्त करण्यास कोश आहे. आमची खरी तक्रार आहे ती नवलाईसाठी घडविलेल्या नावांविषयी. आईच्या नावाचे एक अक्षर व बापाच्या नावाचे दुसरे जोडून जे नाव तयार होते, त्याचे शुद्ध रूप कोणते हे आईबापांखेरीज कोणासच ठाऊक नसते. कोणी अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने रोमन लेखनात एखादा 'ए' जादा घालतात. भाग्य त्याने उजळते की नाही न कळे, पण मुलास ते अक्षर प्रत्येक खिडकीपाशी उभे राहून सांगत बसावे लागते, हे निश्चित.

सुमन, मोहन, विमल यांसारखी नावे ऐकताच लिहिता येतात व लिहिलेली वाचता येतात. त्यांत माधुर्य कमी आहे असे कोण म्हणेल? नाव ठरविण्यापूर्वी ते चौथीतल्या एखाद्या मुलास एकदाच सांगून लिहावयास लावावे, व एखाद्या परप्रांतीय शेजाऱ्याकडून रोमन लिपीत लिहवून घ्यावे. दोघांनीही चुकविले, तर निदान पुन्हा विचार करावा. त्यास अवधीही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे नाव न घालता जन्म नोंदविता येतो, व पुढे बारा महिन्यांच्या आत विलंबशुल्कावाचून नाव घालता येते. तेव्हा रुग्णालयात घाईघाईने, लेखनिकाच्या कानावर विसंबून नाव लिहविण्याचे कारण नाही. आणि एवढे करूनही कठीण नावच आवडले, तर ते खुशाल ठेवावे. मात्र पहिल्या कागदावर ते कोशात पाहून स्वतःच्या हाताने लिहावे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्माची तारीख व स्थळ सिद्ध करण्यास जन्माचा दाखलाच लागतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचे नावही घालावयाचे आहे. ही गोष्ट न्यायाचीच झाली. पण तीन शब्दांचे चार झाले, व चुकण्याची एक जागा वाढली. अशा काळात वडील माणसांनी आपली काव्यशक्ती थोडी आवरून धरली, तर पाळण्यातल्या जिवावर मोठेच उपकार होतील. बारशाच्या घुगऱ्या एका दिवसात संपतात. नाव त्यास जन्मभर लिहावयाचे असते.