दर्जा

आमच्या सोलापूरच्या घराला लागून शहाबादी फरशीचे अंगण आहे. अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. १९९६ साली अब्बांनी ते स्वतःच्या हाताने घातले. अब्बा गवंडी होते. आठवडाभर लोकांच्या भिंती उभारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या अंगणात चार-दोन फरशा बसवायच्या, असे ते काम कितीतरी महिने चालले होते. याच अंगणात बहिणीचा निकाह झाला, रमजानमध्ये शेजाऱ्यांसह इफ्तारचे दस्तरखान पसरले आणि २०२१ मध्ये अब्बांचा जनाजाही इथूनच उठला.

त्यानंतर अंगणाकडे कुणी पाहिले नाही. फरशांमधल्या दर्जा उकलल्या, त्यांत हरळी शिरली, मुंग्यांनी खालची माती वर आणली. घराजवळच्या तीन फरशा खचल्या आणि पावसाचे पाणी मोरीकडे जाण्याऐवजी भिंतीकडे येऊ लागले. आतल्या खोलीत हातभर उंचीपर्यंत ओल चढली. गेल्या वर्षी अम्मी फज्रच्या वुजूसाठी उठली, हलत्या फरशीवर पाय पडला आणि मनगट मोडले.

मी संतापून ठरवले की हे सगळे उखडायचे आणि सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. अम्मी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ''तेरे अब्बा बिठाए सो फर्शी है. नक्को उखाड.''

अब्बांचे जुने जोडीदार आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. आता त्यांच्याने काम होत नाही. त्यांनी हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकली. काही ठिकाणी खणखणीत आवाज आला, काही ठिकाणी पोकळ. ''दगडाला काय बी झालं न्हाई, पोरी. दर्जा गेल्यात. त्या भर, अंगण अजून तीस वर्षं बघतंय.''

''मी भरू?''

''मग? गवंड्याची लेक न्हाईस व्हय तू?''

उन्हाळी सुट्टीत मी बसले. काका स्टुलावर, मी जमिनीवर. खचलेल्या फरशा पहारीने उचलल्या, खाली मुरूम घालून धुमसाने ठोकला आणि पाणसळ लावून पुन्हा बसवल्या. सहा फुटांना एक इंच उतार, तोही घरापासून मोरीकडे. मग छन्नीने जुना, भुसभुशीत माल इंचभर खोल काढला. मी वरच्यावर खरवडून पुढे सरकू लागले की काका थांबवायचे. वरवर लिंपलेला माल पहिल्या पावसाळ्यात पोपडा होऊन निघतो, म्हणायचे. हरळी मुळासकट काढायची, कुंच्याने धूळ झाडायची, दर्ज पाण्याने भिजवायची. कोरडा दगड मालातले पाणी पिऊन टाकतो आणि माल धरत नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली बारीक वाळू, पाणी अगदी बेताचे. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, बोटांतून गळू नये. तो थापीच्या टोकाने दोन थरांत दाबून भरायचा आणि फरशीवर सांडलेला लगेच ओल्या फडक्याने पुसायचा.

सोलापूरचा मे महिना. काम असरनंतर, सावलीतच. रात्री ओली पोती अंथरायची आणि सात दिवस ती सुकू द्यायची नाहीत. अम्मी खाटेवरून विचारायची, ''पानी मारी क्या गे?''

एका कोपऱ्यात फरशी पांढुरकी, खरखरीत झाली होती. तो माझाच प्रताप. पूर्वी डाग काढायला मी संडास धुण्याचे ॲसिड ओतले होते. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खाते. काकांनी कोपरा पाहिला आणि काही बोलले नाहीत.

काम करताना एक शब्द डोक्यात घोळत होता. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दूत 'दर्ज' जीमने लिहिला तर त्याचा अर्थ नोंदलेले. रोज हजेरी घेताना मी तेच करते. ज़ेने लिहिला तर अर्थ फट, सांधा, शिवण. दर्जी त्याच घरातला. मराठी गवंड्याची दर्जही त्याच फारसी शब्दातून आलेली. मराठीत दोन्हींना एकच 'ज' पुरतो.

या दोन्हींची गाठ माझ्या आयुष्यात एकदा पडली आहे. बी.एड.च्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिले, 'बांधकाम कंत्राटदार'. अब्बांना वाचता येत नव्हते. सही करण्याआधी त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, ''इथं काय लिहिलंस?'' मी म्हणाले, ''गवंडी.'' ते खूश झाले. सिमेंटने चिरा पडलेल्या बोटांनी त्यांनी सावकाश सही केली. फीचे पैसेही त्याच बोटांनी मोजून दिले.

हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. अकराव्या दिवशी शेवटची दर्ज भरताना माझ्या बोटांनाही तशाच चिरा पडल्या होत्या. तेव्हा अम्मीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''उनको मालूम था. काका पढ के बताए थे.''

मी काकांकडे पाहिले. ते पाणसळ पुसत होते. म्हणाले, ''बोलला होता, लेकीला लाज वाटली आसंल, वाटू दे. शिकली म्हंजे झालं.''

मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा अम्मी आणि मी दारात उभ्या होतो. पाणी भिंतीपासून निघाले आणि सरळ मोरीत गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या प्रवेशाचे अर्ज भरून घेताना एका मुलीने वडिलांच्या व्यवसायाचा रकाना मोकळा सोडला होता. विचारले तर खाली पाहून पुटपुटली, ''मिस्त्री.'' मी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ''बेटा, तू लिख. साफ अक्षरों में.''

तिने लिहिले. मी ते रजिस्टरात दर्ज केले.