शाळेची जुनी फिल्म आणि विहिरीची पाळी

आज पिकाबरोबर थोडं घरातलं.

थंडीत जेवणं उरकली की आम्ही सगळे, धाकट्या भावाचं घर धरून, शाळेत दाखवायचे तसल्या जुन्या फिल्मा बघतो. मोबाईल टीव्हीला जोडायचा, एकच फिल्म, मग टीव्ही बंद आणि गप्पा. माझ्या वयाच्यांना बालचित्रवाणी आठवत असेल. पुण्यात १९८४ ला सुरू झाली, २०१७ ला बंद पडली.

परवा 'एक अनेक और एकता' लावली. फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ ची, विजया मुळे यांनी केलेली. जेमतेम सात मिनिटं. ताई लहान भावाला एक आणि अनेक समजावते. पाखरं जाळ्यात सापडतात, मिळून जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात.

आमची विहीर सामाईक. यंदा पाणी खाली गेलंय, मोटर अडीच तासांत उपसते. पाळी आमची होती आणि भावाचा गहू एकोणीस दिवसांचा. त्यावरून माझा पोरगा आणि पुतण्या तीन दिवस बोलत नव्हते. फिल्म संपल्यावर पोरगा म्हणाला, "पाखरं एका जाळ्यात होती. आपलं रान वेगळं, पीक वेगळं." पुतणी म्हणाली, "दादा, विहीर तर एकच हाय ना?"

आई शाळेत गेलेली नाही, पण पंचतंत्रातली ही गोष्ट तिला कीर्तनातून पाठ. ती म्हणाली, "अरे, उंदीर कबुतरांच्या राजाचे पाश आधी तोडायला लागला, तर राजाच म्हणाला, आधी माझ्या सोबत्यांचे तोड."

कुणी काही बोललं नाही. मग हिशोब मांडला. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, १८ ते २१ दिवसांत, पाण्याचा ताण पडला की फुटवे कमी आणि उतारा कमी. आमचा हरभरा भारी रानात, वीतभर खाली ओल आहे. तो आठवडाभर थांबू शकतो, गहू नाही. पाळी गव्हाला दिली. पहाटे लाईट आल्यावर मोटर चालू करायला पोरगाच गेला, "पुढच्या वेळी आमचा हरभरा आधी" असं पुतण्याला बजावून. म्हणजे बोलणं तरी सुरू झालं.

आपापल्या मोबाईलवर बघितली असती तर सात मिनिटांत विषय संपला असता. म्हाताऱ्यांना आणि पोरांना एकत्र बसवा, फिल्म छोटी निवडा आणि नंतर टीव्ही बंद करा.

तुमच्याकडे सामाईक विहिरीची पाळी पिकाच्या अवस्थेवर ठरते की वारावर? सांगा.