मोलाचा चाकू

आमच्या घरात एक चाकू होता. आजोबा त्याला 'मोलाचा चाकू' म्हणत. चार बोटे लांबीचे पाते, शिसवीची मूठ आणि मुठीच्या तोंडाशी पितळेची वसवी. पन्नासएक वर्षे दगडावर घासून घासून पाते इतके झिजले होते की हा चाकू म्हणावा की दाभण, असा प्रश्न पडावा. तो भाजीला लावायचा नाही, दोरी कापायला न्यायचा नाही आणि मुलांनी तर त्याला हातच लावायचा नाही, असा घरात दंडक होता. एवढ्याशा वस्तूला एवढा मान का, हे मी लहानपणी कधी विचारले नाही. उत्तर नावातच आहे असे मला वाटे. मोलाचा म्हणजे किमती. त्यात विचारायचे काय?

गेल्या वर्षी काकांनी रंगाच्या डब्याचे झाकण उचकटायला नेमका तोच चाकू घेतला आणि 'कट्' असा आवाज होऊन त्याचे टोक उडाले. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे पुसले, एका फडक्यात बांधले आणि आपल्या ट्रंकेत ठेवून दिले. गावची यात्रा पंधरा दिवसांवर आली होती. आजोबांचे हात आता कापतात, म्हणून यात्रेच्या कोंबड्या साफ करण्याचे काम त्या वर्षी माझ्या वाट्याला आले होते. नवा चाकू आणण्याचेही.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. चाकू निवडणे म्हणजे काय मोठे काम, अशा थाटात मी बेळगावला गेलो आणि एका दुकानातून काचेत मांडलेला सर्वांत रुबाबदार चाकू घेऊन आलो. सात इंची पाते, सुईसारखे टोक, काळी गुळगुळीत मूठ आणि पात्यावर आरशासारखी चकाकी. एस.टी.त बसल्या बसल्या मी तो तीनदा कागदातून काढून पाहिला. शेजारचे गृहस्थ सरकून बसले, याचाही मला अभिमान वाटला.

यात्रेच्या दिवशी मागच्या अंगणात मी कामाला बसलो. पिसे काढून झाली, कोंबडी भाजून झाली. आता पोट उघडायचे होते. चाकू हातात धरला तर पाते माझ्या बोटांच्या पुढे कितीतरी लांब गेलेले. मूठ ओल्या हातात मासळीसारखी सुळसुळत होती. मी जोर दिला. कातडी फाटली आणि टोक आत कुठेतरी शिरले. काळजाला चिकटलेली ती हिरवी पित्ताची पिशवी किती नाजूक असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये तिची आकृती काढून मी चांगले गुणही मिळवले होते. पण अंगणात ती फुटली तेव्हा मला कळलेदेखील नाही. घाईघाईने धुऊन मी मांस आईच्या हवाली केले.

पंगत बसली. पहिला घास घेऊन पाव्हणे एकमेकांकडे पाहू लागले. सगळा रस्सा कडूजहर झाला होता. आई काही न बोलता पातेले उचलून आत घेऊन गेली आणि पाव्हण्यांनी आमटीभात खाल्ला. यात्रेच्या दिवशी आमच्या दारात आमटीभात! मला धरणी ठाव देईल तर बरे, असे झाले.

रात्री आजोबांनी मला जवळ बोलावले.

"पोरा, चाकूचं टोक कुठं होतं?"

"आत."

"आत म्हणजे कुठं?"

मला सांगता येईना.

"मग तू कापत नव्हतास, भोसकत होतास," आजोबा म्हणाले. "उद्या लोहाराकडं जा. हात दाखव आणि करून घे."

दुसऱ्या दिवशी जाण्याआधी मी वहीच्या पानावर हव्या असलेल्या चाकूचे चित्र काढले. अनुभवाने शहाणा झालो होतो, तरी हौस गेली नव्हती. पाते पाच इंच, टोक वर वळलेले, पाठीवर करवतीसारखे दात. आमच्या गावापासून दोन मैलांवर, रस्त्याच्या कडेला कौलारू छपरीत लोहाराची भट्टी आहे. लोहारमामा कन्नड बोलणारे. मराठी समजते, पण विचार कन्नडमध्ये करतात. चित्राकडे त्यांनी पाहिलेच नाही. विचारले, "एन् कोय्तीपा?" काय कापणार, बाबा?

कन्नडमध्ये 'कोय्' म्हणजे कापणे. आपला कोयता त्याच गोतावळ्यातला. मी म्हणालो, "कोळी." आमच्या भागात नव्याने आलेली मराठी माणसे हे ऐकून हमखास दचकतात, पण कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी.

"मग करवत कशाला? कोंबडीत लाकूड असतं काय?" मामा म्हणाले. आता त्यांनी मराठी सुरू केले होते. "हाड कापायचं नाही, सांध्यात शिरायचं. कै तोर्सु. हात दाखव."

त्यांनी माझा पंजा उलटासुलटा केला आणि तर्जनीची लांबी काडीने मोजली. मग एकेक गोष्ट सांगत गेले, आणि वर्गात बसून वर्षभरात शिकलो नसेन एवढे मी त्या तासाभरात शिकलो. पाते तर्जनीपेक्षा लांब नको. कारण पोटाच्या आत डोळ्यांना दिसत नाही, बोटाला दिसते. पाठीवर बोट ठेवले की टोक बोटाच्या पेरापाशीच असले पाहिजे. टोक सुईसारखे नको, पाठीकडून किंचित खाली उतरलेले हवे, म्हणजे ते आतड्यात रुतत नाही. पाठ जाड नको. दोन-अडीच मिलिमीटर पुरे. मूठ मात्र पात्यापेक्षा लांब आणि थोडी पोटाळ हवी, आणि तिला पॉलिश नको. ओल्या हाताला खडबडीत लाकूडच साथ देते.

लोखंडाचा प्रश्न आला. एका कोपऱ्यात ट्रकच्या जुन्या कमानींचे पाटे पडले होते, दुसऱ्या कोपऱ्यात झिजलेल्या कानशी. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास. ते चिवट, कोयत्या-कुऱ्हाडीला उत्तम. कानशीत एक टक्क्याहून अधिक. ती कठीण, बारीक धार पुष्कळ दिवस धरते, पण वाकवली की मोडते. "उचकटायला वापरणार असशील तर पाटा. कापायलाच वापरणार असशील तर कानस," मामा म्हणाले. मला काका आठवले. मी कानस निवडली. ही गंजेल, वापरल्यावर पुसून खोबरेल लावावे लागेल, हेही त्यांनी आधीच सांगितले.

भाता सुरू झाला. छपरी इतकी अंधारी का, याचे मला नेहमी नवल वाटे. ते त्या दिवशी उलगडले. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात फसवतो, अंधारातच खरा दिसतो. सुमारे ७७० अंशांना लोखंडाची चुंबकशक्ती जाते, हे आम्ही पदार्थविज्ञानात शिकलो आहोत. मामांना त्या आकड्याशी कर्तव्य नाही. त्याच्या किंचित पुढचा लाल रंग त्यांच्या डोळ्यांत मुरलेला आहे. ऐरणीवर पाते घडले, घासले गेले, पुन्हा लाल झाले आणि तेलात चर्रकन बुडाले. याला 'पाणी देणे' म्हणतात, दिले मात्र तेल. मग पाते उजळून पाठीकडून मंद तापवले. पाठीपासून रंग धारेकडे सरकू लागले: निळा, जांभळा, तपकिरी. धारेशी गव्हाच्या काडाचा पिवळा आला, तोच मामांनी पाते उचलले. धार कडक राहिली, पाठ चिवट झाली. एका बोटभर पोलादात दोन स्वभाव!

मूठ बसवताना मी सहज म्हणालो, "आमच्या आजोबांकडं असाच होता. मोलाचा चाकू."

मामा मान वर न करता म्हणाले, "हौदु. मोलद चाकू. आमच्या अप्पानंच केला असणार."

मी जागच्या जागी थबकलो. मोल! कन्नडच्या तासाला शिकलेला शब्द. मोल म्हणजे ससा. आजोबांचा चाकू किमती नव्हताच. तो सशाचा होता.

संध्याकाळी मी आजोबांपुढे नवा चाकू ठेवला आणि विचारले, "तुम्ही सशाची शिकार करत होता?"

आजोबांनी चाकू उचलला, पाठीवर तर्जनी ठेवली आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाले, "करत होतो." त्या काळी ठासणीची बंदूक घरात होती. भाताची कापणी झाली की ससे, कधी चितूर, कधी लावा. ससा साफ कसा करायचा तेही त्यांनी सांगितले. आधी पोट हलके दाबून मूत्राशय रिकामे करायचे. पोटाची कातडी चिमटीत उचलून बोटभर चीर द्यायची, धार वर ठेवायची आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटे घालून आतले सगळे खाली दाबून धरायचे. मग सदरा काढावा तशी कातडी निघते. घरात एक नियम होता: ज्याने मारला त्यानेच साफ करायचा. दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

"एकदा चीर दिली," आजोबा म्हणाले, "आणि बोटांना काही वेगळंच लागलं. मादी होती. आत दोन पिल्लं. अंगावर लव आलेली. दोन-चार दिवसांत बाहेर आली असती."

ते थांबले. मीही काही विचारले नाही.

"दुसऱ्यानं साफ केलं असतं तर मला कळलंपण नसतं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी बंदूक खाली घेतली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. आज ससा मारणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेच योग्य. २०११ मध्ये आमच्या खानापूर तालुक्यातले भीमगडचे जंगल अभयारण्य झाले. पण आजोबांचा स्वतःचा कायदा त्याच्या कितीतरी आधी, परवाना मिळत होता त्या काळातच, एका बोटभर चिरेतून आला होता. चाकू मात्र त्यांनी टाकला नाही. तो कोंबडीला वापरला, आणि त्याचे नाव बदलले नाही. का, ते मला आता थोडेसे समजते.

पुढच्या सणाला मी पुन्हा अंगणात बसलो. या वेळी पाते बोटाच्या पुढे गेले नाही. चीर लहान दिली, दोन बोटे आत घातली. काळीज हाताला लागले, त्याच्या कडेची ती इवलीशी पिशवीही लागली. ती अख्खी बाहेर आली तेव्हा मी श्वास सोडला. आजोबा पायरीवर बसून पाहत होते. त्यांनी विचारले, "टोक कुठं होतं?"

"बोटाखाली," मी म्हणालो.

ते हसले आणि आत जाऊन झोपले.

परवा तिन्हीसांजेला आम्ही दोघे शेताच्या बांधावरून येत होतो. वाटेत पुढेच एक ससा बसला होता, कान ताठ करून. आजोबांनी माझा दंड धरला. आम्ही उभे राहिलो. तो आपल्या सोयीने उठला, दोन उड्या मारून करवंदीच्या जाळीत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आजोबांनी हात सोडला नाही.